स्तनातली गाठ आणि प्राथमिक आरोग्य केंद्र : संशय, तपासणी आणि संदर्भसेवा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या आजाराने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. हा आजार लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता मोठी असते. तरीही आपल्याकडे कितीतरी स्त्रिया गाठ मोठी झाल्यावर, त्वचेवर जखम झाल्यावर किंवा काखेतल्या गाठी हाताला लागू लागल्यावरच मोठ्या रुग्णालयात पोहोचतात. मधला वेळ पुष्कळदा घरात जातो, पण काही वेळा तो पहिल्या दवाखान्यातही जातो, आणि तो वाचवणे आपल्या हातात आहे. ही प्रश्नोत्तरे आशाताई, आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधिकारी आणि गावातले खासगी डॉक्टर यांच्यासाठी आहेत, तशीच ज्या स्त्रीला गाठ लागली आहे तिच्यासाठी आणि तिच्या घरच्यांसाठीही आहेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रात स्तनाच्या कर्करोगाचे निदान होते का?

नाही. निदान बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा लहानसा तुकडा काढून केलेल्या तपासणीनेच, होते आणि ती सोय मोठ्या रुग्णालयात असते. केंद्राचे काम वेगळे आहे आणि ते कमी महत्त्वाचे नाही: तक्रार ऐकून घेणे, हाताने नीट तपासणे, संशयाला जागा असेल तर त्याच दिवशी योग्य ठिकाणी पाठवणे आणि ती स्त्री तिथे खरोखर पोहोचली की नाही याची खात्री करणे. गाठ कर्करोगाची आहे की नाही हे केंद्रातल्या डॉक्टरांनी ठरवण्याची गरज नसते. ‘ही गाठ तपासल्याशिवाय घरी पाठवण्यासारखी आहे का’ एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या स्तन कर्करोगविषयक जागतिक उपक्रमात यासाठी स्पष्ट मुदत घातलेली आहे. स्त्री पहिल्यांदा आरोग्यसेवेकडे आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असे त्यात म्हटले आहे. हे ६० दिवस मोठ्या रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाहीत. उपकेंद्रात किंवा केंद्राच्या ओपीडीत तिने ‘छातीत गाठ आहे’ असे म्हटले, त्या दिवसापासून ते मोजायचे असतात.

कोणत्या तक्रारी असतील तर कर्करोगाचा संशय घ्यावा?

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे स्तनात किंवा काखेत नव्याने लागलेली, आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळी जाणवणारी गाठ, विशेषतः स्त्रीचे वय तीस किंवा त्याहून अधिक असेल तर. गाठ टणक असणे, तिच्या कडा अनियमित असणे, ती बोटांखाली न सरकता त्वचेला किंवा आतल्या स्नायूला चिकटलेली वाटणे यामुळे संशय वाढतो. मात्र गाठ मऊ आहे किंवा सरकते आहे एवढ्यावरून ती साधी आहे असे गृहीत धरू नये, कारण काही कर्करोगाच्या गाठी सुरुवातीला अगदी तशाच लागतात.

गाठ नसतानाही काही खुणा तितक्याच गंभीर असतात. एका स्तनाचा आकार अलीकडे बदलणे, त्वचेवर खळगा पडणे, त्वचा जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, आधी सरळ असलेले स्तनाग्र आत ओढले जाणे, न दाबता आपोआप एकाच स्तनाग्रातून रक्तासारखा किंवा पाण्यासारखा स्राव येणे या सर्व खुणांसाठी पुढची तपासणी आवश्यक आहे. स्तनाग्र जन्मापासूनच आत असेल तर ती गोष्ट वेगळी. म्हणून ‘हे कधीपासून असे आहे’ हा प्रश्न न विसरता विचारावा.

दोन परिस्थितींत हमखास वेळ वाया जातो. पहिली म्हणजे स्तनाग्रावरचे इसब. खाज, खपल्या, लालसरपणा दिसतो म्हणून मलम दिले जाते, थोडे बरे वाटते, पुन्हा तेच होते आणि पुन्हा मलम दिले जाते. एकाच स्तनाग्रावर असे व्रण असतील आणि साध्या उपचाराने दोन आठवड्यांत बरे होत नसतील, तर पॅजेटचा आजार, म्हणजे स्तनाग्रावर दिसणारा एक प्रकारचा कर्करोग, नाही ना हे पाहायलाच हवे. दुसरी म्हणजे लाल, गरम, सुजलेला स्तन. स्तनपान करणाऱ्या आईत हा बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि प्रतिजैविकांनी बरा होतो. पण औषधांचा एक पूर्ण कोर्स घेऊनही सूज उतरली नाही, किंवा स्तनपान न करणाऱ्या स्त्रीत असे झाले, तर दुसरे प्रतिजैविक लिहून देण्याऐवजी तिला पुढे पाठवावे. दाहासारखा दिसणारा कर्करोग झपाट्याने वाढतो.

गाठ अजिबात दुखत नाही. मग काळजीचे कारण आहे का?

आहे. सुरुवातीच्या काळात कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच ती अंगावर काढली जाते. शेतातली कामे, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे आजारपण यांपैकी काहीतरी मध्ये येत राहते आणि सहा महिने कसे जातात ते कळत नाही. ओपीडीत ताप आणि खोकल्यासाठी आलेली बाई निघता निघता, दाराशी थांबून, हळू आवाजात छातीतल्या गाठीचा उल्लेख करते, असेही पुष्कळदा घडते. तेव्हा तिला ‘पुढच्या वेळी बघू’ असे सांगू नये, कारण पुढची वेळ येईलच असे नाही.

फक्त दुखत असेल, गाठ नसेल तर?

पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होणे आणि दुखणे हे सर्वसामान्य आहे व त्याचा कर्करोगाशी संबंध नसतो. हाताने तपासून गाठ किंवा इतर खूण नसेल तर धीर द्यावा. एकाच जागी सतत दुखत असेल तर मात्र ती जागा पुन्हा तपासावी आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी करून घ्यावी.

वय कमी आहे, घराण्यात कोणाला कर्करोग नाही. तरीही?

तरीही तपासणी करावी. तिशीच्या आतल्या मुलींत आढळणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात हे खरे. पण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीय स्त्रियांत हा कर्करोग सरासरीने सुमारे दहा वर्षे आधीच्या वयात दिसतो, त्यामुळे चाळिशीतली स्त्री ‘लहान’ समजणे चूक ठरते. घराण्याचे म्हणाल, तर आनुवंशिक जनुकीय दोषामुळे होणारे कर्करोग एकूण संख्येच्या पाच ते दहा टक्के असतात. जवळजवळ निम्म्या रुग्णांत स्त्री असणे आणि वय वाढणे यांपलीकडे जोखमीचे कोणतेही ठळक कारण सापडत नाही. आई किंवा बहिणीला हा आजार झालेला असेल तर अधिक सावध राहावे. कोणालाच झालेला नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये.

हाताने तपासणी नेमकी कशी करावी?

घाईत, कपड्यांवरून किंवा तळहाताने चाचपून केलेली तपासणी न केल्यासारखीच आहे. खोलीला आतून कडी हवी, पडदा हवा, उजेड पुरेसा हवा. काय करणार आहोत, का करणार आहोत आणि कमरेपर्यंतचे कपडे का काढावे लागतील, हे आधी सांगून तिची संमती घ्यावी. गाठ कुठे लागते ते तिलाच बोटाने दाखवायला सांगावे.

पहिला भाग बघण्याचा. स्त्रीला समोर बसवून हात मोकळे सोडलेले असताना, मग दोन्ही हात डोक्यावर उचललेले असताना आणि शेवटी कमरेवर हात घट्ट दाबलेले असताना, असे तीनदा दोन्ही स्तन पाहावेत. कमरेवर हात दाबले की छातीचा स्नायू आवळला जातो आणि एरवी न दिसणारा खळगा अचानक दिसतो. केवळ या एका पायरीने कित्येकदा संशय पक्का होतो, आणि नेमकी हीच पायरी गर्दीच्या ओपीडीत गाळली जाते.

मग ती बसलेली असतानाच काख तपासावी. तिचा हात आपल्या हातावर सैल टेकवून घ्यावा, म्हणजे स्नायू ढिला पडतो आणि आतल्या गाठी बोटांना लागतात. गळपट्टीच्या हाडाच्या वरची आणि खालची जागाही पाहावी.

यानंतर तिला झोपवून, तपासायच्या बाजूच्या खांद्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून तो हात डोक्याखाली घ्यायला सांगावे. मधल्या तीन बोटांच्या पुढच्या मऊ भागाने लहान लहान गोल फिरवत, प्रत्येक जागी आधी हलका, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत पोहोचेल इतका दाब द्यावा. गळपट्टीच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि काखेच्या मध्यरेषेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंतचा भाग, नांगराच्या तासांसारख्या एकाला एक लागून उभ्या पट्ट्यांत पूर्ण करावा. स्तनाचा काखेकडचा वरचा भाग विशेष लक्ष देऊन तपासावा, कारण सर्वाधिक कर्करोग तिथेच आढळतात. शेवटी स्तनाग्र पाहावे, पण स्राव यावा म्हणून ते जोरात पिळू नये. प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटे तरी लागतात. दुसरा स्तनही न चुकता तपासावा. एखादा भाग खडबडीत लागला तर दुसऱ्या बाजूची तीच जागा तपासून तुलना करता येते.

पाळी सुरू असलेल्या वयात, पाळी आल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास स्तन मऊ असतात, म्हणून नियमित तपासणीसाठी ते दिवस चांगले. पण स्पष्ट गाठ लागत असेल तर पाळीसाठी थांबण्याचे कारण नाही.

तपासणी पुरुष डॉक्टरने केली तर चालते का?

चालते, परंतु त्या वेळी खोलीत सिस्टर किंवा आशाताई उपस्थित असावी. स्त्रीची तयारी नसेल तर प्रशिक्षित आरोग्यसेविका किंवा महिला समुदाय आरोग्य अधिकारी ही तपासणी करू शकते. केवळ संकोचामुळे तपासणी राहून गेली असे घडता कामा नये, आणि त्यासाठी व्यवस्था लावून देणे ही केंद्राची जबाबदारी आहे.

तक्रार नसतानाही तपासणी करतात, ती कशासाठी?

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात ३० ते ६५ या वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून स्तनांची तपासणी होणे अपेक्षित आहे. त्याआधी आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांची जोखीम गुणांत मोजणारी प्रश्नावली, भरतात. त्यात स्त्रियांसाठी स्तनातील गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आणि स्तनाच्या आकारातील बदल हे प्रश्न आहेत. यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर एकूण गुण किती झाले याची वाट न पाहता त्या स्त्रीला लगेच डॉक्टरांकडे न्यायचे असते. घरात सगळ्यांसमोर हे प्रश्न विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. आशाताईंनी तिला बाजूला घेऊन विचारावे.

हाताने केलेल्या तपासणीचा खरोखर उपयोग होतो का, हे मुंबईत पाहिले गेले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी स्त्रियांनी निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी स्तनांची तपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या गटात कर्करोग तुलनेने लवकरच्या टप्प्यावर सापडले आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. या तपासण्या डॉक्टरांनी केलेल्या नव्हत्या. नीट शिकवलेले आणि देखरेखीखाली काम करणारे हात पुरेसे ठरतात, हे त्यातून दिसते.

स्वतःची तपासणी दर महिन्याला करावी का?

ठरावीक पद्धतीने दर महिन्याला तपासणी केल्याने मृत्यू कमी होतात असे सिद्ध झालेले नाही. चीनमधील शांघाय येथे अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात अशी घट दिसली नाही. उलट साध्या गाठींसाठीच्या बायोप्सी वाढल्या. म्हणून आज भर ‘जाणीव’ असण्यावर आहे: आपले स्तन एरवी कसे दिसतात आणि लागतात हे माहीत असावे, आंघोळीच्या वेळी काही वेगळे जाणवले तर ते मनात न ठेवता केंद्रात दाखवावे.

मग सर्वांची मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) का करत नाहीत?

यंत्रे, प्रशिक्षित तंत्रज्ञ, वाचणारे रेडिओलॉजिस्ट आणि पुढच्या बायोप्सींची सोय हे सगळे एकत्र असेल तरच अशी मोहीम उपयोगी ठरते. शिवाय कमी वयात स्तनांची घनता जास्त असते आणि मॅमोग्राफीत गाठ लपून राहू शकते. ज्या स्त्रीला तक्रार आहे तिच्यासाठी मात्र मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी लवकर मिळालीच पाहिजे. रक्ताची एखादी चाचणी करून कर्करोग नाही असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. हाताला गाठ लागत असताना तिच्या निदानासाठी अशी कोणतीही रक्तचाचणी पुरेशी नसते.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला गाठ लागली तर?

‘दुधाची गाठ असेल, बाळ सुटले की जाईल’ हे वाक्य धोक्याचे आहे. दुधाची गाठ बहुधा काही दिवसांत, बाळाला नीट पाजल्यावर विरते. दोन आठवड्यांनंतरही ती राहिली तर सोनोग्राफी करावी. ती गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात सुरक्षित आहे, आणि गरज पडल्यास सुईची बायोप्सीही करता येते.

मोठ्या रुग्णालयात कोणत्या तपासण्या होतात? सुई टोचली की कर्करोग पसरतो असे म्हणतात.

तिथे तीन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात: हाताची तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईने घेतलेला तुकडा. चाळिशीच्या आत बहुधा आधी सोनोग्राफी करतात, त्यानंतरच्या वयात मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी. तुकडा जाड सुईने, जागा बधिर करून काढतात. त्यावरून कर्करोग आहे की नाही एवढेच नव्हे, तर तो संप्रेरकांना (हार्मोन्सना) प्रतिसाद देणारा आहे का हेही समजते आणि उपचार त्यानुसार ठरतात.

सुईमुळे कर्करोग पसरतो ही भीती खेड्यात आणि शहरात सारखीच आहे. ती निराधार आहे. भीतीपोटी बायोप्सी टाळली जाते त्या काळात मात्र गाठ वाढत राहते, आणि मग लोक म्हणतात की दवाखान्यात गेल्यावर पसरला.

जवळच्या दवाखान्यात गाठ लगेच कापून काढली तर वेळ वाचेल का?

नाही, आणि याबद्दल अगदी ठाम राहावे. निदानाआधी गाठ काढून टाकली तर कडा अर्धवट राहतात, मूळ गाठ किती मोठी होती हे कळत नाही, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते आणि कित्येकदा काढलेला तुकडा तपासणीला पाठवलाच जात नाही. स्तन वाचवून शस्त्रक्रिया करण्याची संधीही त्यामुळे हातची जाऊ शकते. आधी बायोप्सी, मग उपचारांचा आराखडा, मग शस्त्रक्रिया किंवा औषधे हाच क्रम योग्य आहे. लेप, मालीश, शेक यांनीही गाठ जात नाही. ज्या स्त्रीने ते करून पाहिले असेल तिला रागावू नये, नाहीतर ती पुन्हा येणार नाही.

संदर्भ चिठ्ठीत काय लिहावे?

‘छातीत गाठ, पुढील उपचारासाठी पाठवत आहे’ एवढ्याने काम होत नाही. अशी चिठ्ठी हातात असलेली स्त्री जिल्हा रुग्णालयात कोणत्या रांगेत उभी राहणार? चिठ्ठीवर ठळकपणे ‘स्तनाच्या कर्करोगाचा संशय’ असे लिहावे आणि शस्त्रक्रिया विभागाचे नाव घालावे. गाठीची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे नोंदवावी. उदाहरणार्थ, ‘उजवा स्तन, दहाच्या काट्यावर, स्तनाग्रापासून चार सेंटिमीटर, आकार सुमारे तीन सेंटिमीटर, टणक, त्वचेला खळगा, काखेत एक हलणारी गाठ, तीन महिन्यांपासून’. वय, पाळी सुरू आहे की बंद, घराण्यातील कर्करोग, मधुमेह, रक्तदाब आणि सुरू असलेली औषधे हेही लिहावे. तिथली ओपीडी कोणत्या वारी असते, खोली कुठे आहे आणि सोबत कोणती कागदपत्रे न्यायची हे तिला समजेल अशा शब्दांत सांगावे; शक्य असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी फोन करावा.

पाठवले, पण ती गेलीच नाही. काय करायचे?

माझ्या मते सगळ्या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. चिठ्ठी दिली की केंद्राचे काम संपले असे समजले जाते, आणि चिठ्ठी घरातल्या डब्यात राहते. केंद्रात संशयित रुग्णांची वेगळी नोंदवही असावी. एका आठवड्यात आशाताईंनी घरी जाऊन विचारावे: गेलात का, काय सांगितले, पुढची तारीख कोणती. न जाण्याची कारणे बहुधा साधी असतात. सोबत यायला कोणी नाही, एका दिवसाची मजुरी बुडते, नवऱ्याला सांगितलेले नाही, किंवा एकदा जाऊन मशीन बंद म्हणून परत आल्या आहेत. यांतल्या प्रत्येक अडचणीवर केंद्र काहीतरी करू शकते. नवऱ्याशी किंवा मुलाशी बोलायचे असेल तर तिच्या परवानगीनेच बोलावे. निदान झाले की नाही हे नोंदवहीत लिहिले जाईपर्यंत ते नाव खोडू नये.

खर्चाचे काय?

महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजनेखाली अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि आधारकार्ड सोबत ठेवावे व रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, पहिल्याच दिवशी भेटावे. मुंबईपर्यंत जाणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय अशी ठिकाणे त्या त्या भागातल्या लोकांना जवळची आहेत.

हा कर्करोग पुरुषांना होतो का?

होतो, पण क्वचित. एकूण रुग्णांत पुरुष सुमारे अर्धा ते एक टक्का असतात. स्तनाग्रामागे एका बाजूला टणक गाठ लागली तर त्यांनीही तपासून घ्यावे.

बायोप्सीत साधी गाठ निघाली. आता विषय संपला का?

बहुतेक वेळा संपतो, आणि बहुतेक गाठी साध्याच निघतात. परंतु हाताची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि बायोप्सी या तिन्हींचा निष्कर्ष जुळतो का, हे कोणीतरी पाहायला हवे. गाठ टणक आणि चिकटलेली लागत असताना बायोप्सीत काहीच सापडले नाही, तर सुई गाठीच्या बाजूने गेली असण्याची शक्यता असते आणि बायोप्सी पुन्हा करावी लागते. तिन्ही निष्कर्ष साधेपणाकडे बोट दाखवत असतील तर स्त्रीला तसे स्पष्ट शब्दांत सांगावे, रिपोर्टची प्रत तिच्याकडे जपून ठेवायला सांगावी आणि रुग्णालयाने दिलेली फेरतपासणीची तारीख केंद्राच्या नोंदवहीत उतरवून घ्यावी. मधल्या काळात गाठ वाढली किंवा नवी लागली, तर त्या तारखेची वाट न पाहता तिने यावे, आणि आल्यावर तिची तपासणी पुन्हा पहिल्यापासून व्हावी.